जुन्या गाडीचा फोकस : आपल्याला रस्ता दिसेना, समोरच्याला उजेड सोसेना

यवतमाळ : कापूस घरात यायला लागला की जिल्ह्यातल्या रस्त्यांवरची बरीच वाहतूक अंधार पडल्यावरच होते. डिसेंबरात पावणेसहाच्या आत दिवस मावळतो. दिवसभर वेचणी, मग मोजमाप, मग गाडी भरणं. जिनिंगकडे निघेपर्यंत दिवे लागलेले असतात. राळेगाव, पांढरकवडा, वणी, घाटंजी या बाजूच्या रस्त्यांवर एकाच वेळी कापसाची बंडी, ट्रॅक्टर-ट्रॉली, छोटा हत्ती, काळी-पिवळी, दुचाकी आणि लांब पल्ल्याचा ट्रक असं सगळं चालू असतं. पुसद-उमरखेडकडे त्यात उसाच्या ट्रॉल्यांची भर. या गर्दीत गेल्या काही वर्षांपासून एक तक्रार चावडीवर, पानटपरीवर, बसस्टँडवर सारखी ऐकू येते. समोरच्या गाडीच्या पांढऱ्या फोकसने डोळ्यांपुढे अंधारी येते, रस्त्याची कड दिसत नाही.

तक्रार खरी आहे. पण तक्रार करणाऱ्या अनेकांच्या स्वतःच्या जुन्या बोलेरोत, सुमोत किंवा मारुतीत तोच पांढरा एलईडी बल्ब बसवलेला असतो. तो हौसेने बसवला असं म्हणणं अन्यायाचं होईल. मूळ फोकस मंद पडला होता, वळणावर रोही आडवा आला तर दिसत नव्हता, म्हणून बसवला. अडचण खोटी नव्हती, उपाय चुकला. आणि या चुकीची किंमत बंडीवाला, सायकलवाला आणि दुचाकीवाला मोजतो.

देशाचं चित्र पाहिलं तर २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांत दरवर्षी एक गोष्ट ठळक असते. दिवसाच्या चोवीस तासांत संध्याकाळी ६ ते ९ हे तीन तास सगळ्यात वाईट, पाचातला जवळपास एक अपघात याच वेळेतला. प्रत्येक अपघात फोकसमुळे झाला असा याचा अर्थ नाही. त्या वेळेला गर्दी असते, थकवा असतो, दारूही असते. पण आपल्याकडे हंगामात जिनिंगच्या रस्त्याला गाड्या लागतात, ती वेळ हीच.

हिशोब साधा आहे. ताशी ६० च्या वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. नंतर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. म्हणजे जवळपास ५० मीटर. चांगल्या अवस्थेतला डिप्परही साधारण एवढंच अंतर नीट दाखवतो. फोकस निम्मा झाला असेल तर गाडी स्वतःच्या उजेडाच्या पुढे पळत असते. आणि समोरून आलेल्या झोताने तीन सेकंद डोळे दिपले, तर तेच ५० मीटर माणूस आंधळेपणाने जातो. वय झालेल्या माणसाचे डोळे सावरायला आणखी वेळ लागतो. मोतीबिंदू धरायला लागला असेल तर झोत फुटून चहूकडे पसरतो, त्याला समोरचा फक्त एक पांढरा गोळा दिसतो.

बल्बच्या वाटीत दडलेली गोष्ट

जुन्या बहुतेक जीप-कारमध्ये एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यावर १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट असं लिहिलेलं असतं. त्यात दोन तारा असतात, ६० ची अप्परची आणि ५५ ची डिप्परची. जुना बल्ब हातात घेऊन बारकाईने बघावं. डिप्परच्या तारेखाली एक बारीक पत्र्याची वाटी दिसेल. या वाटीमुळे डिप्परचा उजेड फक्त वरच्या अर्ध्या आरशावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकणारा उजेड वाटी अडवते. तार कुठे, वाटी किती खाली, हे सगळं मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेलं असतं आणि मागचा आरसा त्याच जागेसाठी घडवलेला असतो.

बाजारातला एलईडी बल्ब त्याच खाचेत बसतो, म्हणून लोकांना वाटतं की तो त्याच कामाचा आहे. पण त्यात तार नसते, चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. उजेड निघण्याची जागा आणि आकार बदलला की आरशाचं गणित बिघडतं. भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरला लख्ख पडतो. त्यामुळे चालवणारा खूश. पण लांबचा रस्ता तेवढा उजळत नाही, आणि जवळ फार उजेड असल्याने डोळ्याला लांबचा अंधार आणखी काळा वाटतो. उरलेला उजेड वर सुटतो, तो समोरच्याच्या डोळ्यात. धुवारी पडलेल्या पहाटे तर अशा गाडीपुढे नुसती पांढरी भिंत उभी राहते.

एलईडी वाईट असं यात काही नाही. कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेल्या नव्या गाडीत आरसा, भिंग, थंड ठेवायची सोय सगळं त्याच दिव्यासाठी केलेलं असतं. जुन्या दिव्यात एलईडी चालतच नाही असंही नाही. जर्मनीत २०२० मध्ये ओसराम कंपनीच्या अशा बल्बला पहिल्यांदा रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली. पण ती सरसकट नव्हती. कोणत्या गाडीच्या कोणत्या मॉडेलच्या दिव्यात तो बल्ब तपासला, त्याची यादी ठरली आणि तेवढ्याच गाड्यांना मुभा मिळाली. आपल्याकडे दुकानदार विचारतो फक्त, खाच कोणती?

कायदा आहे, पण रस्त्यापुरता

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम नेमका यासाठीच आहे. समोरचा दिवा असा बसवलेला आणि राखलेला असावा की त्याचा झोत कायम खाली वळलेला राहील. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे किंवा पायी माणसाचे डोळे जवळपास त्याच उंचीवर असतात. पूर्वी ट्रक-जीपच्या काचेवर मधोमध काळा ठिपका लावलेला असायचा, कोणी वरच्या अर्ध्या काचेला रंग फासायचे. तोही याच त्रासावरचा गावठी इलाज होता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या बाबींत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं. नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कलमात विकणाऱ्यासाठीही तरतूद आहे. केंद्राने सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला एखादा भाग नियमात न बसणारा विकला, तर प्रत्येक नगामागे १ लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचा आकडा दुकानदाराचा मोठा आहे. पण चालान फाटतं ते रस्त्यावर, काउंटरवर नाही. असे बल्ब शहरातल्या दुकानात उघड टांगलेले असतात आणि मोबाइलवरून मागवले तर घरपोच येतात.

जुन्या गाडीवाल्याला सध्या सगळीकडून खर्च लागलाय, हेही लक्षात घ्यावं लागेल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. २०२२ पासून कार-जीपसाठी त्याचं शुल्क ५ हजार झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या कार-जीपसाठी ते १० हजार केलं, दुचाकीसाठी २ हजार. वरून पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या नंबरप्लेटची सक्ती झाली, तिची मुदत किती वेळा वाढली ते गाडीवाल्यांना तोंडपाठ आहे. मारुती ८०० बनणं जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, सुमो २०१९ मध्ये. ज्या घरात या गाड्या आहेत, त्या घरात नवी गाडी घ्यायची ऐपत कापसाच्या भावावर अवलंबून आहे. एवढे पैसे भरून गाडी रस्त्यावर ठेवणाऱ्याला सरकारकडून किमान एक गोष्ट मिळायला हवी : आपल्या गाडीचा झोत बरोबर पडतो की नाही, हे कोणीतरी यंत्र लावून सांगावं. तपासणीत दोन्ही दिवे लागतात एवढं बघून पुढे सरकणं पुरेसं नाही. झोत कुठे पडतो, हे महत्त्वाचं.

मूळ फोकस मंद का होतो

जुन्या गाडीचा फोकस मंद होण्याला बहुतेक वेळा बल्ब एकटा जबाबदार नसतो. काच, वायर, आरसा आणि झोताची दिशा, यातलं काही ना काही बिघडलेलं असतं. बल्ब बदलणं सोपं म्हणून माणूस तिथून सुरुवात करतो.

काचेपासून बघू. जुन्या गोल दिव्याची काच ही खरीच काच, ती पिवळी पडत नाही, फक्त धुवावी लागते. वणी-राजूर पट्ट्यात कोळशाची काळी धूळ दोन दिवसांत थर धरते. तिथे निघण्याआधी ओल्या फडक्याने काच पुसली तरी फरक डोळ्याला दिसतो. मागचे लाल दिवेही त्याच हाताने पुसावेत. नंतरच्या गाड्यांना पारदर्शक प्लास्टिक आलं. कंपनीने त्यावर दिलेला संरक्षक थर उन्हाने जातो आणि यवतमाळचं ऊन काय असतं ते सांगायला नको. मग दिवा पिवळट, दुधाळ होतो. त्यात कितीही जोरदार बल्ब लावा, उजेड आतच विखुरतो आणि समोरच्याला त्रासच वाढतो.

यावर मोबाइलमध्ये शंभर व्हिडिओ आहेत. टूथपेस्टने घासलं तर थोडं उजळतं, पण टिकत नाही. डास पळवायचं मलम लावून काही लोक चमक दाखवतात. ते प्लास्टिक वरून विरघळवतं, दोन-चार आठवड्यांनी दिवा आधीपेक्षा वाईट होतो. पेट्रोल, थिनर तर लांबच ठेवावं. रीत अशी आहे की आजूबाजूच्या रंगाला चिकटपट्टी लावायची, पाणी सोडत १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग २०००, मग ३००० असा घासायचा, नंतर पॉलिशची पेस्ट. शेवटी उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर मारायचा. हा शेवटचा थर टाळला तर काही महिन्यांत सगळी मेहनत पाण्यात. रंगकाम करणाऱ्याकडे हे तासाभराचं काम आहे.

पण खरा चोर बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतो. पंधरा-वीस वर्षांची वायर, गंजलेलं अर्थिंग, पिवळा पडलेला स्विच. गोठ्याशेजारी उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडून ठेवलेलं असतं ते वेगळंच. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मिस्त्रीकडून मीटर लावून घ्यावा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या पिनवर १२ च येत असेल, तर ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्ट थोडे कमी झाले की उजेड झपाट्याने पडतो. एवढ्या फरकात एक तृतीयांशाहून जास्त उजेड गेला. तिथे शंभर वॅटचा बल्ब लावणं म्हणजे लिकेज पाइपलाइनला मोठी मोटर लावण्यासारखं. वायर आणखी तापते, स्विच वितळतो, कधी धूर निघतो. १००/९० चे बल्ब बाजारात मिळतात, पण जुन्या गाडीची वायर आणि स्विच त्या हिशोबाचे नसतात. रस्त्यावर तो बल्ब नियमातही बसत नाही.

उपाय आहे रिले. हॉर्नला असतो तसाच. बॅटरीवरून जाड वायर फ्यूजमधून थेट दिव्यापर्यंत न्यायची, डॅशबोर्डच्या स्विचने फक्त रिले ओढायचा. अर्थिंगचा नट काढून पत्रा खरवडायचा आणि पुन्हा कसायचा. मीटरवर बॅटरी आणि बल्ब यातला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला की तोच ५५ वॅटचा बल्ब ओळखू येत नाही. एलईडीच्या चांगल्या जोडीला जेवढे पैसे जातात, साधारण तेवढ्यात किंवा त्याहून कमीत हे काम होतं. अडचण एवढीच की तालुक्याला असं काम मन लावून करणारा मिस्त्री शोधावा लागतो. नवा बल्ब खोचून देणं दोन मिनिटांचं काम, वायर शोधायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला कुरकुरतं.

बल्ब बदलायचाच असेल तर जोडीने बदलावा. एक नवा आणि एक जुना लावला की रस्त्याची एक बाजू अंधारी राहते. वापरून वापरून बल्बची काच आतून काळपट होते, लागत असला तरी त्याचं वय झालेलं असतं. नव्या बल्बच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. हाताचा तेलकटपणा तापून तिथे काच फुटते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसावं. मागचं रबरी टोपण परत नीट बसवावं. ते हरवलं की पाणी आणि धूळ आत जाते आणि आरशाची चांदी उडते. उडालेल्या आरशाला इलाज नाही, तो दिवाच बदलावा लागतो. फडक्याने आरसा पुसायला गेलं तर उरलेली चमकही निघून येते. जुन्या जीपच्या सात इंची गोल दिव्याचं बरं आहे. तो आख्खा नवा घेतला तरी खिशाला परवडतो. कारचा दिवा महाग, तिथे भंगारातला दिवा घेताना आरसा उजेडात धरून बघावा.

राहिली झोताची दिशा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दिवा काढून बसवला, बंपर ठोकला, पाटे बसले, की झोत हलतो. तपासायला सपाट जागा आणि भिंत लागते. टायरमध्ये हवा नीट असावी आणि चालवणारा सीटवर बसलेला असावा. भिंतीपासून दिवा २५ फुटांवर येईल अशी गाडी उभी करायची. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारायची. डिप्पर लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण तीन इंच खाली यायला हवी, आणि डाव्या अंगाला ती थोडी वर चढलेली असावी. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून कडेची बंडी, माणूस दिसावा यासाठी ती चढण ठेवलेली असते. उजवीकडे चढण दिसली तर दिवा दुसऱ्या देशाच्या गाडीचा आहे असं समजावं. दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खालीसाठी, दुसरा डाव्या-उजव्यासाठी. त्यांनीच हे जमतं.

मागे माल भरला की मात्र सगळं बदलतं. कापसाची गाठोडी टाकली, दहा माणसं बसवली, की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि डिप्परचा अप्पर होतो. काही गाड्यांना डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असतं, ते भरलेल्या गाडीसाठीच असतं. अनेक मालकांनी ते कधी फिरवलेलं नाही. ज्या गाडीला चाक नाही, तिचा झोत हंगामापुरता भरलेल्या अवस्थेत लावून घ्यावा.

बंडीची बाजू

फोकस कितीही चांगला असला तरी उजेड परत फिरवायला समोर काहीतरी लागतं. कापसाने भरलेली बंडी मागून पांढरी दिसेल असं वाटतं, पण वर ताडपत्री असते आणि खाली लाकूड. ट्रॉलीला मागचा दिवा असला तरी वायर लोंबकळत असते. लाल चमकणारी पट्टी बंडीच्या मागच्या आडव्या लाकडाला दोन्ही टोकांना आणि चाकाजवळ लावली तर मंद डिप्परमध्येही लांबून दिसते. ती चिखलाने भरली की निकामी, म्हणून पुसायला हवी. जिनिंगच्या फाटकावर माल मोजून घेताना दोन पट्ट्या चिकटवून देणं बाजार समित्यांना आणि जिनिंगवाल्यांना कठीण नाही.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. दरवर्षी हेल्मेटची रॅली निघते, शाळेत शपथ होते. यंदा जिनिंगच्या रस्त्यावर एक संध्याकाळ झोत मोजायचं यंत्र ठेवावं. पहिल्या आठवड्यात दंड नको, स्क्रू फिरवून झोत खाली करून द्यावा आणि गाडीवाल्याला त्याचा बल्ब भिंतीवर काय करतो ते दाखवावं. दुसऱ्या आठवड्यापासून खुशाल चालान फाडावं. आणि त्याच पथकाने शहरातल्या चार दुकानांत जाऊन काउंटरवर काय टांगलंय तेही बघावं.